मांडवांतून निघून गेलेला मुलगा

जॅक रोझेंथल ह्या इंग्रज नाटककाराचें 'बार मित्स्वा बॉय' हें नाटक मूळ रंगभूमीसाठीं लिहिलेलें नव्हे. तें १९७६ च्या सप्टेंबर महिन्यांत बी. बी. सी. नें 'प्ले फॉर टुडे' ह्या नाट्यमालेंत दूरचित्रवाणीवरून दाखविलें, आणि पुढील वर्षीं उत्कृष्ट एकल नाटकाचा ब्रिटिश अकादमीचा मान त्यास मिळाला. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांना असें वाटेल कीं, विलायतेंतील एका यहुदी टॅक्सीवाल्याच्या घरांत पन्नास वर्षांपूर्वीं घडलेल्या प्रकाराशीं मावळांतील सोमाटण्यास बसून लिहिणारांना काय कर्तव्य आहे? शंका रास्त आहे. तिचें उत्तर असें कीं, ह्या नाटकाचा विषय आम्हांस दोन अंगांनीं जवळचा आहे. ज्या घरांतून मुंजी लागतात त्या घरांना तो मुंजीच्या अंगानें जवळचा आहे. आणि ज्या महाराष्ट्रानें बेने इस्राएल लोकांना शेंकडों वर्षें आपल्या किनाऱ्यावर, आपल्या गांवांच्या आडनांवांनिशीं आणि आपल्या भाषेंत नांदतांना पाहिलें, त्या महाराष्ट्राला तो शेजारधर्माच्या अंगानेंहि जवळचा आहे. शिवाय नाटक चांगलें आहे; हें तिसरें, आणि आमच्या मतें पहिलें, कारण.

प्रथम संस्काराविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्यावांचून नाटकाचा कणा कळावयाचा नाहीं. 'बार मित्स्वा' म्हणजे 'आज्ञेचा पुत्र'. ज्याच्यावर धर्माज्ञांचें बंधन येऊन पडलें तो. यहुदी शास्त्राप्रमाणें तेरा वर्षें पुरीं झालेला मुलगा कांहीं एक विधि न करतांहि ह्या पदवीस पोंचतो. त्या दिवसापासून प्रार्थनेस लागणाऱ्या दहा पुरुषांत त्याची गणना होते, आणि त्याच्या पापपुण्याचा हिशेब त्याच्याच नांवावर मांडला जातो. सिनेगॉगांत उभें राहून तोराचें वाचन करण्याचा आज सर्वत्र रूढ असलेला समारंभ हा मागाहूनचा, मध्ययुगीन युरोपांत वाढीस लागलेला आहे. तोरा चर्मपत्राच्या गुंडाळीवर हातानें लिहिलेली असते. तींत स्वरचिन्हें नसतात आणि गाण्याच्या खुणाहि नसतात. त्यामुळें मुलाला आपल्या वांट्याचा भाग महिनोन् महिने घोकून जवळजवळ मुखोद्गत करावा लागतो. वाचन झालें म्हणजे बापानें म्हणावयाचें एक लहानसें आभारवचन आहे. त्याचा आशय असा कीं, ह्या मुलाच्या कर्माच्या जबाबदारींतून देवानें मला आतां मोकळें केलें. ह्या शेवटच्या वचनाची आठवण वाचकांनीं मनांत जपून ठेवावी.

आतां नाटक. एलियट ग्रीन हा उत्तर लंडनमधील एका मध्यमस्थितींतल्या यहुदी कुटुंबांतील मुलगा. शनिवारीं त्याचा बार मित्स्वा आहे. घरांत त्याची चर्चा चोवीस तास चालली आहे, पण चर्चा कशाची, तर जेवणाची आणि नाचाची, पाहुण्यांना कोणाच्या शेजारीं बसवावयाचें ह्याची, आणि आईच्या केशरचनेची. आई रिटा ही अष्टौप्रहर त्रासलेली. तिच्या दृष्टीनें हा दिवस मुलाचा आहे हें खरें, पण तो प्रथम तिचा आहे. बाप व्हिक्टर टॅक्सी चालवितो, खर्चानें करवादतो, आणि आपल्या घरांत आपल्यास कोणी विचारीत नाहीं अशी त्याची तक्रार आहे. आजोबा आहेत. थोरली बहीण लेस्ली आहे, आणि तिचा भावी नवरा हॅरल्ड आहे. हा हॅरल्ड इतका गोड, इतका सर्वांच्या पुढें पुढें करणारा आणि कोणाच्याहि म्हणण्याला मान डोलावणारा आहे कीं, त्याला स्वतःचें मत असेल ही कल्पनाच कोणाच्या मनाला शिवत नाहीं. ही भूमिका जोनाथन लिन ह्यांनीं केली. त्यांनींच पुढें अँटनी जे ह्यांच्या सहकार्यानें 'येस मिनिस्टर' ही प्रसिद्ध मालिका लिहिली. होयबांचें शास्त्र त्यांनीं आधीं अंगानें अभ्यासिलें आणि मग लेखणीनें मांडलें, असें गमतीनें म्हणावयास हरकत नाहीं.

ह्या सर्व गलबल्यांत मुलगा मात्र गप्प आहे. तो हट्टी नाहीं, उनाड नाहीं. पाठ त्याचा उत्तम तयार आहे. शिकविणाऱ्या राब्बीला त्याच्याविषयीं चिंता नाहीं. रोझेंथल ह्यांनीं त्याला फारसें बोलावयास दिलेलें नाहीं, आणि दूरचित्रवाणीवर तें शोभतें, कारण तेथें मुलाचा चेहरा हातभर अंतरावर येतो. मोठीं माणसें त्याच्याविषयीं, त्याच्यासमोर, त्याच्या डोक्यावरून बोलत असतात आणि प्रेक्षक त्याचे डोळे पाहत असतो. शनिवार उजाडतो. सिनेगॉग भरलें आहे. एलियटला हांक येते, आणि तोरा वाचावयाची त्या क्षणीं हा मुलगा पाठ फिरवून सरळ दरवाजाबाहेर चालता होतो.

पुढें घरांत जो कल्लोळ उडतो तो हंसूं आवरूं नये असा आहे. मुलगा कोठें गेला ह्या चिंतेंत आणि शिजलेल्या अन्नाचें काय होणार ह्या चिंतेंत आईला फरक करतां येत नाहीं. दुसऱ्या एखाद्या लेखकानें येथें तिची टवाळी केली असती. रोझेंथल तसें करीत नाहींत. ते स्वतः १९३१ सालीं मँचेस्टरच्या यहुदी वस्तींत जन्मले, आणि 'कॉरोनेशन स्ट्रीट' ह्या लोकप्रिय मालिकेचे भाग लिहून त्यांनीं हात बसविला; साध्या माणसाच्या तोंडचें साधें वाक्य कोठें मोडतें तें त्यांना कळतें. रिटा अन्नाविषयीं बोलते, कारण मुलाविषयीं बोलण्याची तिला भीति वाटते. मराया चार्ल्स ह्या नटीनें हें इतकें अचूक केलें आहे कीं, आमच्या घरोघरच्या कार्यांत रुखवताच्या ताटांवरून रडणाऱ्या बायका डोळ्यांसमोर याव्यात. त्या रुखवतासाठीं रडत नसतात हें सर्वांनाच ठाऊक असतें.

नाटकाचें मर्म मात्र ह्या कल्लोळांत नाहीं. तें मुलांच्या खेळण्याच्या मैदानांत, बहीणभावांच्या संभाषणांत आहे. लेस्ली त्याला शोधून काढते. तो तिला कारण सांगतो, आणि तें ऐकून ती आणि तिच्याबरोबर आपणहि थक्क होतों. देवावर आपला विश्वास नाहीं असें तो म्हणत नाहीं. पाठ विसरला, भीति वाटली असेंहि नाहीं. आजच्या विधीनें आपण पुरुष होणार असें सर्वजण त्याला सांगत आले. तेव्हां पुरुष म्हणजे काय हें पाहण्यासाठीं त्यानें आपल्या घरांतल्या पुरुषांकडे पाहिलें: बापाकडे, आजोबांकडे, होणाऱ्या मेहुण्याकडे. आणि त्याला असें आढळलें कीं, ह्यांपैकीं एकहि पुरुष नाहीं. एकाला आपल्यापलीकडे कांहीं दिसत नाहीं, एक पोरासारखा वागतो, एक सर्वांना होय म्हणतो. पुरुष होणें म्हणजे हें होणें असेल तर तें आपल्याला नको, आणि जें होण्याची आपली तयारी नाहीं तें झाल्याचें भर सभेंत सोंग करणें हें तर मुळींच नको. एवढेंच त्याचें म्हणणें. मग तो, आपल्याला पाठ येत नव्हता असें कोणी समजूं नये म्हणून, त्या मैदानांत खालीं डोकें वर पाय करून आपला भाग बहिणीला म्हणून दाखवितो.

ह्या एका प्रसंगासाठीं आम्ही ह्या नाटकाला श्रेष्ठ म्हणतों. बंडखोर मुलांचीं नाटकें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. त्यांतील मुलगा बहुधा संस्कार खोटा म्हणून मांडव सोडतो, आणि लेखक त्याच्या पाठीमागें उभा राहून व्याख्यान देतो. एलियटचा प्रकार उलट आहे. त्यानें संस्काराला घरांतल्या सर्वांपेक्षां अधिक खरें मानलें, म्हणून त्याला तेथें उभें राहवलें नाहीं. बाकीच्यांना तो विधि पार पाडावयाचा होता; ह्या एकट्यानें विधीचे शब्द ऐकले होते.

मराठी वाचकाला येथें जांबच्या नारायण ठोसराची आठवण होणारच. सूर्याजीपंतांचा तो बारा वर्षांचा मुलगा बोहल्यावर उभा असतां 'सावधान' हा शब्द ऐकून पळाला आणि पुढें समर्थ रामदास झाला, ही कथा आमच्याकडे लहानपणींच कानांवरून जाते. ह्या परंपरागत कथेंतहि मुद्दा तोच आहे. 'सावधान' हा शब्द तोंवर हजारों नवऱ्या मुलांनीं ऐकला होता. अर्थ एकाच्या कानीं शिरला. परंतु दोन्ही पळण्यांतला भेदहि लक्षांत घेण्याजोगा आहे. नारायण टाकळीस गेला, त्यानें बारा वर्षें तप केलें, आणि तो घरीं परतला तो संसारी म्हणून नव्हे. रोझेंथल ह्यांच्या मुलाला संध्याकाळीं घरीं परत जावयाचें आहे, त्याच बापाच्या हाताखालीं, त्याच आईच्या स्वयंपाकावर. संत होऊन सुटण्याची सोय त्याला नाहीं. आमच्या मतें ह्यामुळें त्याचें कोडें लहान न होतां अधिक अवघड होतें.

आमच्या पूर्वजांनीं तर पळण्यालाच विधींत जागा करून ठेविली आहे. सोडमुंजीच्या वेळीं बटु काठी-पंचा घेऊन काशीला निघतो, आणि मामा त्याला आपली मुलगी देऊं करून परत फिरवितो. सर्वजण हंसतात, मुलगा लाजतो, आणि पानें वाढण्याची घाई सुरू होते. ज्यानें ही चाल प्रथम पाडली त्याला मुलांचें मन उत्तम कळत असावें. ह्या वयांत मुलाला निघून जावेंसें वाटतें, तेव्हां चार पावलें जाऊं द्यावें आणि प्रेमानें परत आणावें, असा त्यांत भाव आहे. ग्रीन कुटुंबाच्या संस्कारांत ही चार पावलांची जागा नव्हती, म्हणून एलियटला ती स्वतः करावी लागली.

पण चाल उरली आणि भाव गेला तर काय होतें, हें पाहावयास लंडनला जावयास नको. जुन्या मुंबई-पुणें रस्त्यानें सोमाटणें फाट्याकडून तळेगांवाकडे जाऊं लागलें कीं मंगल कार्यालयें आणि हिरवळी लागतात. वैशाखांत त्यांतून लग्नांइतक्याच थाटाच्या मुंजी होतात. अशाच एका मुंजीला आम्ही गेलों होतों. गायत्रीचा उपदेश बापानें मुलाच्या कानांत, वस्त्राच्या आडोशाखालीं, इतरांच्या कानीं न पडेल असा करावयाचा असतो. छायाचित्रकारानें त्या वस्त्राचें टोंक उचलून धरावयास लावलें, आणि प्रकाश बरोबर पडला नाहीं म्हणून उपदेश पुन्हां करविला. बापानें तो पुन्हां केलाहि. भिक्षावळ दोन वेळां झाली. मुलानें मध्येंच "आई, अजून किती वेळ?" असें विचारलें तेव्हां ती बिचारी आईस्क्रीमवाल्याशीं बोलत होती. ह्यांत कोणी दुष्ट नव्हतें. सगळीं माणसें प्रेमळ होतीं, खर्च कष्टाच्या पैशांतून झालेला होता. ग्रीन मंडळीहि अशीच प्रेमळ आहेत. रोझेंथल ह्यांचें नाटक पाहून आम्हांस बोचलें तें हेंच. त्या मुलानें वस्त्राखालून बाहेर येऊन आमच्याकडे, म्हणजे पंगतीची वाट पाहत बसलेल्या आम्हां पुरुषांकडे, तसें निरखून पाहिलें असतें तर त्याला काय दिसलें असतें?

ह्या नाटकाविषयीं येथील आमच्या वाचकमित्रांत बोलणें निघालें, तेव्हां दोन आक्षेप पुढें आले. पहिला नेहमींचा: तेरा वर्षांच्या पोरानें वडील माणसांचा न्याय करावा हें योग्य काय? ह्याला उत्तर सोपें आहे. तो दिवसच मुळीं न्यायबुद्धि आल्याचा दिवस आहे. ती आली असें तुम्ही सभा भरवून जाहीर करणार, आणि तिनें पहिला निवाडा दिला कीं रागावणार, हें कसें चालेल? दुसरा आक्षेप एका वयस्क बाईंनीं घेतला, आणि तो आम्हांस अधिक वजनदार वाटला. त्या म्हणाल्या, मुलानें घरांतल्या पुरुषांची झडती घेतली ती ठीक. पण घर ज्यांच्यावर उभें आहे त्या बायकांची त्यानें गणतीच केली नाहीं. आई चुकते, ओरडते, पण उभी राहते. बहीण तर साऱ्या नाटकांत एकटीच प्रौढ आहे. तीच त्याला शोधते, ऐकून घेते, आणि घरीं जाऊन समजेल अशा शब्दांत सांगते. मोठेपणाचा नमुना त्याच्यासमोर झोपाळ्याजवळ उभा होता, आणि हा म्हणतो नमुना मिळाला नाहीं!

आक्षेप खरा आहे, परंतु तो मुलावर आहे, नाटकावर नाहीं असें आमचें मत आहे. लेस्लीला एवढें शहाणपण लेखकानेंच दिलें. एड्रिएन पोस्टा ह्यांनीं ती भूमिका अगदीं कमी रंगांत रंगविली आहे. भावाचें बोलणें ऐकतांना, विशेषतः हॅरल्डविषयींचें, त्यांच्या चेहऱ्यावर जें येतें आणि जातें तें पाहण्यासारखें आहे. ज्याच्याशीं तिला जन्म काढावयाचा आहे त्याच्याविषयीं धाकट्या भावाचें हें मत तिला त्या क्षणीं पचवावें लागतें. मुलाला हें दिसत नाहीं, कारण तो तेरा वर्षांचा आहे. प्रेक्षकाला दिसतें. एवढें मात्र खरें कीं, लेस्लीला तिच्या तेराव्या वर्षीं कोणी हांक मारली नसावी. मुलींचा असा समारंभ न्यूयॉर्कमध्यें १९२२ सालीं राब्बी मॉर्डेकाय कॅप्लन ह्यांनीं आपली मुलगी ज्युडिथ हिच्यासाठीं केला, त्याला त्या वेळीं अर्धशतक लोटलें होतें. पण सनातनी वळणाच्या घरांतून तो अजून शिरला नव्हता. आमच्या मुंजीकडेहि ह्याच डोळ्यांनीं पाहिलें पाहिजे. ती मुलींना बाहेर ठेवून होत आली, आणि बहुसंख्य समाजालाहि बाहेर ठेवून होत आली. तिच्या भावाची थोरवी गातांना हें विसरून चालत नाहीं.

नाटकाचा उकल राब्बी करतो. लेस्लीनें सांगितलेली हकीगत ऐकून तो असें मानतो कीं, मुलानें आपला भाग म्हटला, देवानें तो ऐकला, संस्कार झाला. डोकें खालीं होतें कीं वर हा प्रश्न नाहीं. रात्रींचें जेवण ठरल्याप्रमाणें होतें. कित्येक टीकाकारांना ही पळवाट वाटेल. शास्त्राच्या दृष्टीनें ती पळवाट नव्हे हें आम्हीं वर सांगितलेंच आहे. तेरावें वर्ष सरलें कीं मुलगा आज्ञेखालीं येतो. समारंभ हा त्या गोष्टीचा केवळ डांगोरा आहे. परंतु नाट्याच्या दृष्टीनें येथें थोडी घाई झाली आहे, हें आम्हांस कबूल केलेंच पाहिजे. मुलाचा आरोप पुरुषांवर होता, आणि निकाल मिळाला मुलाला. आरोपींचें काय? व्हिक्टरला आपल्या मुलाचें मत कळल्यावर त्याच्या मनाची जी अवस्था झाली असेल तिच्यापाशीं लेखक क्षणभर थांबतो आणि पुन्हां विनोदाकडे वळतो. बापाच्या त्या आभारवचनाची आठवण आम्हीं वाचकांस ठेवावयास सांगितली होती ती ह्यासाठीं. मुलाच्या कर्मांतून आपण मोकळे झालों असें बाप म्हणणार होता. तें म्हणण्याची वेळ आली नाहीं, आणि त्याच दिवशीं मुलानें त्याला कळविलें कीं, आपल्या कर्माचा हिशेब अजून व्हावयाचा आहे. एवढा मोठा डाव हातांत असतां लेखकानें तो पुरता खेळूं नये ह्याचें वाईट वाटतें. बर्नार्ड स्पिअर ह्यांच्यासारखा नट त्या भूमिकेंत होता, त्यानें तो पेलला असता.

ह्या नाटकाचें पुढें संगीत नाटक झालें. 'जिप्सी' आणि 'फनी गर्ल' ह्यांचे संगीतकार ज्यूल स्टाइन ह्यांनीं चाली दिल्या, डॉन ब्लॅक ह्यांनीं पदें रचिलीं, आणि १९७८ सालीं लंडनच्या मोठ्या नाटकगृहांत तें उभें राहिलें. अवघ्या ७८ प्रयोगांत बसलें. त्या फजितीवर रोझेंथल ह्यांनीं 'स्मॅश!' ह्या नांवाचें वेगळें नाटक लिहून सूड उगविला हें त्यांच्या स्वभावास साजेसेंच झालें. संगीताच्या वेडानें पछाडलेल्या आम्हां मराठी लोकांना ह्यांत एक धडा आहे, पण तो आम्ही घेऊं असें वाटत नाहीं. ज्या मुलाचा जीव त्याच्या गप्प बसण्यांत आहे त्याला गावयास लाविलें कीं तो संपला.

आतां शेजारधर्माविषयीं. आमच्याकडील यहुदी म्हणजे मुख्यत्वें बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर तारूं फुटून वांचलेल्या कांहीं स्त्रीपुरुषांपासून आपला वंश चालला अशी त्यांची परंपरा सांगते. कुलाब्यांतल्या गांवांतून त्यांनीं तेलाचे घाणे चालविले, आणि शब्बाथाला घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणूं लागले. किहीमचे ते किहीमकर, दिवेचे ते दिवेकर, राजपुरीचे ते राजपूरकर. शुभकार्यांत पोहे, खोबरें आणि फळें ह्यांचा मलिदा करून ते एलियाहू पैगंबराचें स्मरण करतात. एलियाहूच्या रथाचा ठसा जेथें उमटला असें ते मानतात तें खंडाळा अलिबाग तालुक्यांतलें. आमच्या मावळांतल्या वाचकांनीं तो घांटमाथ्यावर शोधूं नये. मुंबईस त्यांनीं पहिलें सिनेगॉग १७९६ सालीं बांधलें. पुण्याचें लाल देऊळ सर्वांना ठाऊक आहे, पण तें डेव्हिड ससून ह्या बगदादी धनिकाच्या दातृत्वाचें. बेने इस्राएलांचें स्वतःचें सुक्काथ शेलोमो रास्ता पेठेंत १९२१ पासून उभें आहे. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची हागादा हिब्रू आणि मराठी अशी जोडीनें १८७४ सालीं पुण्यांतच छापली गेली, आणि तिच्या चित्रांत नऊवारी नेसलेल्या बायका सणाच्या बेखमीर भाकरीचें काम करीत आहेत. १८८० च्या सुमारास तर त्यांनीं आमचें कीर्तनच उचललें, आणि अब्राहाम-मोशेच्या कथा साकी-दिंडींतून लावावयास सुरुवात केली.

एवढी ही माणसें आमच्या भाषेंतलीं. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्राएलास गेलीं. तेथें 'तुम्ही पुरते यहुदी आहांत काय' असा प्रश्न त्यांना विचारला गेला, आणि झगडून १९६४ सालीं त्यांनीं त्याचा निकाल आपल्या बाजूनें लावून घेतला. आज साऱ्या हिंदुस्थानांत यहुदी पांच हजारांच्या आंतबाहेर उरले आहेत. त्यांच्या घरांतील मुलांचें मोठें होणें साहित्यांत आलें तें कोठें? मीरा महादेवन ह्यांनीं १९६१ सालीं 'अपना घर' लिहिलें तें हिंदींत; शीला रोहेकर ह्यांची 'मिस सॅम्युएल' हिंदींत; एस्थर डेव्हिड इंग्रजींत लिहीत आल्या; निस्सिम इझिकिएल ह्यांची कविताहि इंग्रजींत. आडनांवें कोंकणांतलीं आणि पुस्तकें परभाषेंत. मराठी रंगभूमीनें किंवा मराठी दूरचित्रवाणीनें रास्ता पेठेंतील किंवा पेणच्या एखाद्या बेने इस्राएल मुलाला मध्यभागीं ठेवून नाटक रचलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. हिंदी चित्रपटांतील डेव्हिडचाचा सर्वांना प्रिय होते. ते चेऊलकर होते हें फार थोड्यांच्या लक्षांत राहिलें.

म्हणून आमची एक सूचना आहे. हें नाटक कोणीं मराठींत आणावयाचें मनांत घेतलें तर त्याची मुंज करूं नये. असा मोह पडेल, कारण तें सोपें आहे: आजोबांना सोंवळें नेसविलें, बापाला बँकेंत बसविलें, काम भागलें. परंतु मुंज आठव्या वर्षांच्या सुमारास लागते, आणि आठ वर्षांचा मुलगा बापाला असें पाहत नाहीं. पाहिलें तरी त्याला बोलतां येत नाहीं. तेरावें वर्ष येथें अटळ आहे. मुलगा बेने इस्राएलच असावा, त्यानें हिब्रू पाठ मराठी उच्चारानें म्हणावा, आई मलिद्याच्या पोह्यांना किती नारळ लागतील ह्यावरून मावशीशीं भांडावी. समाज इतका विरळ झालेला असल्यामुळें एक नवी अडचणहि आयतीच मिळेल: हा मुलगा निघून गेला तर देवळांत दहावा माणूस राहत नाहीं, आणि प्रार्थनाच थांबते. लंडनच्या भरलेल्या सिनेगॉगांत ही धार नव्हती. बापाचा जो प्रसंग रोझेंथल ह्यांनीं अर्धा सोडला तो येथें पुरा करतां येईल, कारण बापाला नऊ माणसांत वाट पाहत बसावें लागेल. बाकी कांहींहि बदलावें, पण मैदानांतला तो शीर्षासनाचा प्रकार पोरकट वाटतो म्हणून दिग्दर्शकानें गाळूं नये, आणि मुलाला तो करतांना सफाईनें करावयास शिकवूं नये.